चढणाऱ्याला आधी वाट

गाडी शिकवणाऱ्या बाईंना सगळे मॅडमच म्हणत. शिकायला येणाऱ्या पोरी म्हणत, कोपऱ्यावरचा पंक्चरवाला म्हणे, आणि नवरा होता तोवर तोही थट्टेने विचारायचा, "मॅडम, आज जेवण मिळणार आहे, की नुसत्या सूचनाच?" ड्रायव्हिंग स्कूल त्यानेच काढलं होतं. तो गेल्यावर बाईंनी ते नुसतं टिकवलं नाही, वाढवलं. आवाज खणखणीत, शिस्त कडक. कुणी चुकलं की त्याचा पाणउतारा करताना बाई मागचापुढचा विचार करत नसत. पण त्यांच्या हाताखालून गेलेलं माणूस परीक्षेत सहसा नापास होत नसे, म्हणून लोक मुकाट ऐकून घेत.

एकच गोष्ट होती. त्यांचं शहर तव्यासारखं सपाट. चढ म्हणजे काय, तर स्टेशनजवळचा उड्डाणपूल आणि एका मोठ्या दुकानाच्या तळघरातला उतार. घाटाचा धडा बाई त्या पुलावरच देत. मध्येच गाडी थांबवायला लावायच्या, हँडब्रेक ओढायला लावायच्या, अर्धा क्लच, गाडी थरथरली की हँडब्रेक खाली. "वीतभरसुद्धा मागे घसरता कामा नये!" आणि नियम पाठ करून घ्यायच्या: "चढणाऱ्याला आधी वाट. उतरणाऱ्याने गाडी मागे घ्यायची, मग तो कुणी का असेना." खरा घाट मात्र बाईंनी आयुष्यात कधी चालवला नव्हता. कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पुढे पुढे त्यांचा त्यांनाच विसर पडला.

मुलीच्या लग्नाला वर्ष होत आलं, तेव्हा विहीणबाईंनी डोंगर बघायची हौस बोलून दाखवली. खिंड ओलांडून पलीकडच्या खोऱ्यातल्या गावात दोन दिवस राहायचं ठरलं. जावई नुकताच गाडी शिकलेला. तो म्हणाला, "आई असताना मी स्टिअरिंगला हात लावणं म्हणजे सूर्यापुढे काजवा." विहीणबाई तर आपल्या बहिणींना फोनवर सांगत सुटल्या होत्या, "आम्हाला काय काळजी? आमच्या विहीणबाई गाडी शिकवतात. घाट काय नि रस्ता काय, त्यांना सगळं सारखंच." बाईंनी ते ऐकलं. ऐकून बरं वाटलं, हेही खरं.

चढताना सगळं छान झालं. त्यांच्या बाजूला डोंगर होता, काळा, ओला, कपारीतून पाणी झिरपणारा. दरी पलीकडच्या बाजूला. वळण आलं की बाई हॉर्न द्यायच्या, गिअर उतरवायच्या, आणि गाडी शहाण्यासारखी वळायची. जावई मागे बसून मोबाईलवर शूटिंग करत होता. उंच सरळसोट झाडं मागे पडली, मग नुसतं गवत, मग नुसता दगड. खिंडीत गार वारा होता आणि ढग पायाखाली होते. विहीणबाई दोन्ही हात गालांना लावून म्हणाल्या, "आता मेले तरी चालेल!" सगळे हसले.

खिंड ओलांडली आणि दरी बाईंच्या बाजूला आली.

आधी त्यांना वाटलं, ऊन डोळ्यांवर येतंय. मग वाटलं, चहा जास्त झाला. उजवीकडे नजर फिरवली की खाली नदी दिसत होती, दोऱ्यासारखी. रस्त्याला कठडा म्हणजे मध्येमध्ये रचलेले दगड, तेही कुठे ढासळलेले. बाईंनी नजर समोर खिळवली. गाडी पहिल्या गिअरवर आली. मागून एकाने हॉर्न दिला आणि जागा मिळताच भुर्रकन पुढे गेला. शेजारी बसलेल्या लेकीने आईकडे पाहिलं. आईचा वरचा ओठ घामाने भिजला होता.

"आई, थोडं थांबू या का?"

"कशाला? चाललंय की."

एक अडनिडं वळण घेतलं. त्या वळणावरच गाड्यांना बाजूला घ्यायला चांगली रुंद जागा होती. ती सोडून जेमतेम दोन गाड्यांच्या लांबीइतकं खाली गेल्या असतील, तर समोरून एक पिकअप वर आली. मागे लाकडी घोडीवर खिडक्यांच्या काचा उभ्या बांधलेल्या. रस्ता इतका अरुंद की दोन्हींपैकी एकीने मागे जायलाच हवं. आणि मागे कुणी जायचं, हे त्या रस्त्यावर बाईंइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्यांनी रिव्हर्स टाकला. क्लच सोडायला सुरुवात केली. गाडी मागे जायच्या आधी हातभर पुढे घसरली. हातभरच, पण बाईंना वाटलं, गेलो. त्यांनी ब्रेक गच्च दाबला. डावा पाय क्लचवर असा थडथडू लागला, की तो आपला नाहीच. पुन्हा प्रयत्न करावा असं मनात आलं, पण पाय ऐकेना.

तोवर पिकअपचं दार उघडून एक बाई उतरली. अंगात खिशांचा जाड एप्रन, हातात चामड्याचे मोजे. चढ चढत ती गाडीपाशी आली आणि एकदम ओरडली, "अगं बाई! मॅडम! तुम्ही इकडे कुठे?"

बाईंनीही ओळखलं. खूप वर्षांपूर्वी शिकायला आलेली पोरगी. बैलगाडीच्या वेगाने गाडी चालवायची, दर चार पावलांवर ब्रेक. बाईंनीच तिचं नाव 'हळूबाई' ठेवलं होतं आणि सगळ्या तुकडीत ते चिकटलं होतं. दोनदा परीक्षेत नापास झालेली. तिसऱ्यांदा पास झाली तेव्हा रडली होती. लग्न करून कुठे डोंगरात गेली, एवढंच बाईंना माहीत होतं.

"आमचं काचेचं वर्कशॉप आहे खाली गावात," हळूबाई सांगू लागली. "वर विश्रामगृहाच्या खिडक्या बसवायच्यात. मॅडम, तुम्ही शिकवलंत म्हणून, नाहीतर मी आणि घाट!" तिचा चेहरा नुसता फुलला होता. मागे बसलेल्या विहीणबाई कौतुकाने बघत होत्या. जावयाने मोबाईल वर केला. मग हळूबाई म्हणाली, "तुमच्या मागेच जागा आहे मॅडम, वळणावर. एवढं घेतलंत की झालं."

हीच ती वेळ होती. 'माझा पाय लटपटतोय गं' एवढं म्हणायचं होतं. शब्द तोंडापर्यंत आलेही. पण मागे विहीणबाई होत्या, जावई होता, आणि समोर हळूबाई होती, जिला त्या एके काळी भर रस्त्यात 'गोगलगाय' म्हणाल्या होत्या.

"तू घे मागे," बाई म्हणाल्या.

"मी?" हळूबाई गोंधळली. "मॅडम, माल आहे मागे. आणि मी तर चढतेय..."

"मला माहितेय तू चढतेयस." आवाज कसा आपसूक वर्गातला निघाला. "घे मागे. बघू तरी, शिकवलेलं लक्षात आहे का."

हळूबाई क्षणभर थांबली आणि मग खुदकन हसली, एकदम त्या वेळच्या पोरीसारखी. "परीक्षा होय? बरं मॅडम." आणि धावत पिकअपकडे गेली.

"आई," लेक हळूच म्हणाली. बाईंनी ऐकलं नाही, म्हणजे ऐकलं, पण मान वळवली नाही.

पिकअप मागे जाऊ लागली. खालची रुंद जागा बरीच लांब होती, मध्ये एक वळण होतं. हळूबाई सावकाश, थांबत थांबत घेत होती आणि नेमाने समोर, बाईंच्या गाडीकडे बघत होती. वळणही नीट निघालं. जागा आलीच होती. तिथेच मागचं चाक डोंगराच्या बाजूच्या चरात गेलं. गाडी कलली, दोरी सुटली असावी, आणि काचा एकावर एक आडव्या होत गेल्या. तो आवाज डोंगरावर आपटून पुन्हा आला.

माणसाला कुणाला काही झालं नाही. वाट मोकळी झाली होती, म्हणून बाई गाडी तिथवर घेऊन आल्या; पुढे उतरायला पाय पुरत होता. जावई धावला. मागून आलेल्या गाडीतले दोघे उतरले. सगळ्यांनी जोर लावून चाक वर काढलं. बाईही उतरल्या. जमिनीवर पाय लागताच त्यांच्या जिवात जीव आला, आणि जीव आला तसा आवाजही आला.

"आरसा! आरसा कशाला दिलाय गं गाडीला? तोंड बघायला? किती वेळा सांगितलं होतं, मागे घेताना नजर आरशात. पण नाही! ती हळूबाईची हळूबाईच राहिलीस."

हळूबाईने मोज्याच्या पाठीने नाक पुसलं. "हो मॅडम. चुकलं माझं."

"सावकाश जा आता," बाई म्हणाल्या आणि गाडीत येऊन बसल्या.

*

मुक्कामाची जागा नदीकाठी होती. खोल्या स्वच्छ, खिडक्यांना जाड पडदे, बाहेर फुलझाडांच्या कुंड्या. दुपारी चहाला सगळे व्हरांड्यात जमले, तेव्हा जावयाने मोबाईल टेबलावर उभा केला. "बघा, काय मस्त आलंय!" खिंड आली, ढग आले, विहीणबाईंचे गालांवरचे हात आले. पुढे पिकअप आली. मग मोबाईल बहुधा खिशात गेला होता; चित्र काळं झालं आणि नुसता आवाज उरला. काचा फुटल्याचा. मग बाईंचा.

'आरसा कशाला दिलाय गं गाडीला? तोंड बघायला?'

"आईंचा आवाज ऐका," जावई हसत म्हणाला. "मी असतो तर जागीच रडलो असतो."

'हो मॅडम. चुकलं माझं.'

विहीणबाई म्हणाल्या, "शिस्त म्हणजे शिस्त! म्हणून तर माणसं घडतात."

स्वतःचा आवाज असा बाहेरून बाईंनी कधी ऐकला नव्हता. त्या उठल्या आणि खोलीत आल्या. थोड्या वेळाने लेक मागोमाग आली, दार लोटून पलंगाच्या कडेवर बसली.

"आई, तुझा पाय हलत होता."

बाई पडद्याची दोरी गुंडाळत राहिल्या.

"मी कुणाला सांगितलं नाही," लेक म्हणाली.

बाईंना वाटलं होतं, हे ऐकून हायसं वाटेल. उलट कानशिलं तापली. पोरीला वर्षानुवर्षं 'खोटं बोलायचं नाही' म्हणून दटावलं, आणि आज तीच पोरगी आईचं खोटं पदराआड झाकत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई एकट्याच बाहेर पडल्या. काचेचं वर्कशॉप शोधायला वेळ लागला नाही. गावात एकच होतं. दारात पिकअप उभी होती, मागचा पत्रा चेपलेला, पिंपात फुटक्या काचांचा ढीग. आत एक लांबलचक टेबल, त्यावर जुनी घोंगडी अंथरलेली. भिंतीला टेकून काचांचे तक्ते, प्रत्येक दोघांमध्ये वर्तमानपत्राचा कागद. हळूबाई पट्टी धरून काच कापत होती. चाकाच्या कटरने बारीक रेघ ओढायची, टेबलाच्या कडेवर आणायची आणि टक् करून मोडायची. पुढच्या खुर्चीत तिचे थोरले दीर बसले होते, पोक्त, जाड भुवयांचे.

ओळख झाल्याबरोबर ते उठले. "या या! तुमचं नाव या घरात रोज निघतं. 'मॅडम असं म्हणायच्या, मॅडम तसं म्हणायच्या.' कालसुद्धा तुम्हीच होतात म्हणे तिथे. बरं झालं आलात. आता तुम्हीच समजवा हिला. आरसा न बघता गाडी मागे घेते. आज चरात घातली, उद्या दरीत घालेल. मी किल्लीच काढून घेतलीय. घाटात आता मी नाहीतर माझा भाऊ."

हळूबाईने मान वर केली नाही.

बाई म्हणाल्या, "रस्ताच अरुंद आहे हो तिथे. कुणाचंही झालं असतं."

"कुणाचंही कसं? रोज इतक्या गाड्या जातात. आणि तुम्हीच म्हणालात ना, आरसा बघितला नाही म्हणून? हीच सांगत आली घरी."

"म्हणाले मी. पण..."

"जाऊ द्या भावोजी," हळूबाई काचेवरची धूळ फुंकत म्हणाली. "मॅडम कशाला खोटं बोलतील? माझंच चुकलं."

बाईंना बसायला स्टूल दिलं होतं. त्या उठून उभ्या राहिल्या. वर्गात उभं राहायची सवय होती, पण असं नव्हे.

"तिचं नाही चुकलं," त्या म्हणाल्या. "मागे मी घ्यायला हवी होती. ती चढत होती, मी उतरत होते. जागा माझ्या मागेच होती. मला घेता आली नाही. मी घाबरले होते. पाय थरथरत होते माझे."

"तुमचे?" दीर म्हणाले.

"माझे."

"अहो, पण तुम्ही तर शिकवता!"

"शिकवते. पण घाट कधी चालवला नव्हता. कालचा पहिलाच."

दीर त्यांच्याकडे बघत राहिले आणि मग त्यांना हसू फुटलं. दाबायचा प्रयत्न केला, पण खांदे हलायला लागले. "आणि वर हिलाच झापलंत! वा, मॅडम, वा!" हसणं वाईट नव्हतं, पण मोकळं होतं, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या एका माणसाने आत डोकावून पाहिलं. दिरांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "घे गं बाई. तुझी तुला."

हळूबाई हसत नव्हती. तिने कटर खाली ठेवला.

"मॅडम, मी मागे घेताना सारखी तुमच्याकडेच बघत होते. तुम्ही बघताय ना, म्हणून. म्हणून आरशात लक्ष नव्हतं. काल रात्रभर मला वाटत होतं, एवढी वर्षं गाडी चालवून मला काहीच आलं नाही."

"मला कळतंय."

"सांगायचं होतंत. मी येऊन तुमची गाडी मागे घेऊन दिली असती. बाहेरून आलेल्यांची नेहमीच घेतो आम्ही. त्यात काय लाजायचं?"

"तुझ्यासमोर लाज वाटली."

"आणि आता?"

"जास्त वाटतेय," बाई म्हणाल्या. आणि मग घाईघाईने, "त्या काचांचं काय ते मी भरून..."

"ते तर भरावंच लागेल," दीर चटकन म्हणाले.

हळूबाईने किल्ली उचलून एप्रनच्या खिशात टाकली. "मला हे काम संध्याकाळपर्यंत संपवायचंय, मॅडम," ती म्हणाली. रागाने नाही, पण ज्या सुरात गिऱ्हाइकाशी बोलतात त्या सुरात. पट्टी काचेवर ठेवून ती पुन्हा रेघ ओढू लागली. बाई दारापाशी थोड्या घोटाळल्या. मागून आणखी एक टक् ऐकू आलं. मग त्या निघाल्या.

*

निघायच्या दिवशी न्याहारीच्या टेबलावर जावयाने गाडीची किल्ली सवयीने बाईंपुढे सरकवली. बाईंनी ती लेकीपुढे सरकवली.

"हिला घाट जमतो?" विहीणबाई दचकल्या.

"जमेल. गाडी मीच शिकवलीय तिला, सावकाश नेईल. मला जमत नाही." बाईंनी पावाचा तुकडा ताटलीत ठेवला. "त्या दिवशी मी त्या पिकअपवालीची परीक्षा घेतली नव्हती. मला गाडी मागे घेता येत नव्हती, म्हणून तिला घ्यायला लावली. काचा माझ्यामुळे फुटल्या. आणि बोल तिला लावला."

जावयाच्या हातातला कप तसाच राहिला. विहीणबाई कुणाकडे बघावं हे न कळून खिडकीकडे बघत राहिल्या.

"अहो विहीणबाई," त्या शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "पण मी तर बहिणीला फोन करून सगळं सांगितलं! तिने बाकीच्यांना सांगितलं असेल. की आमच्या विहीणबाईंचा दरारा केवढा, भर घाटात गाडी मागे घ्यायला लावली, चुकल्यावर अशी हजेरी घेतली... आता मी काय सांगू?"

"खरं ते सांगा."

"म्हणजे, आत्ता?"

"तुम्हाला हवं तेव्हा."

विहीणबाई भोळ्या होत्या. पोटात काही राहत नसे. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. त्यांना कमी ऐकू येत असल्याने स्पीकरवर. "अगं, ते परवा सांगितलं ना, घाटातलं? ते तसं नव्हतं गं. उलटंच होतं. विहीणबाईच घाबरल्या होत्या. हो, त्यांनाच मागे घेता येईना. नाही नाही, त्या शिकवतात, पण पुलावर. पुलावर गं, पूल!"

पलीकडून आधी "काय?" आलं, मग मोठ्याने हसणं आलं, आणि कुणाला तरी हाक मारल्याचा आवाज, "अहो, इकडे या, ऐका तरी!"

लेकीने आईच्या हाताला हात लावला. "चल आई, सामान ठेवू या गाडीत."

"तू हो पुढे," बाई म्हणाल्या.

विहीणबाई दुसऱ्यांदा, नव्या माणसासाठी, पहिल्यापासून सांगायला लागल्या होत्या. बाई खुर्चीतच बसून राहिल्या, हात मांडीवर ठेवून, फोन संपेपर्यंत.